तिलवारा रोडवरचं पोलंड

जबलपूरला लोक भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहायला जातात, धुवांधार पाहतात, खोव्याची जलेबी खातात आणि परत येऊन दोन आठवडे फोटो दाखवत बसतात. मीही कडे पाहिले, जलेबी खाल्ली. पण मी गेले होते माझ्या दादाला पाहायला, आणि दाखवण्यासारखा एकही फोटो माझ्याकडे नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण इकडे वर्ध्यात जो तो विचारतो, "काय कुंदाताई, कशी झाली जबलपूरची ट्रिप?" आणि दरवेळी मी "छान" म्हणून मोकळी होते. खोटं बोलायचाही कंटाळा येतो शेवटी.

दादा म्हणजे वसंत ढोबळे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, आता पंचाहत्तरी ओलांडलेला. ऐन विशीत वर्धा सोडून खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला, तो तिकडचाच झाला. वहिनी गेली आणि त्याची स्मरणशक्ती हळूहळू विरायला लागली. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मुलाचा, मिलिंदचा फोन आला. "आत्या, बाबांचं आता जास्तच होऊन राहिलं. एकदा येऊन पाहून जा ना." मी मनाशी ठरवूनच निघाले: दादा तिथं नीट असेल तर ठेवायचा, नसेल तर उचलून वर्ध्याला आणायचा. नवरा नाही, मूल नाही, शाळेतून निवृत्त झालेली बाई मी. दोन खोल्या आणि भरपूर हट्ट एवढा ऐवज माझ्याकडे आहे.

स्टेशन ते तिलवारा

मिलिंद घ्यायला आला होता. वाकून नमस्कार केला, बॅग उचलली, आणि गाडीत बसल्याबसल्या त्याचं जबलपुरी मराठी सुरू झालं. त्यात दर चौथा शब्द हिंदी असतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो.

"आत्या, घरी पेंट चालू आहे, तर तुम्ही हॉटेललाच राहा. बाबाही दिवसभर तिथंच असतात. अच्छाच आहे, त्यांच्यासोबत टाइम भेटेल तुम्हाला."

"दिवसभर हॉटेलात? काहून?" त्याच्याशी बोलताना माझीही जुनी बोली वर येते.

"घरी ठेवलं तर सकाळी उठून ड्यूटीवर निघतात. दोनदा खमरियाच्या गेटवर सापडले. पहारेवाले ओळखतात म्हणून ठीक, चहा पाजून फोन करतात. पण रस्त्यावर ट्रॅफिक केवढं असते आत्या! एखाद्या दिवशी..."

मिलिंदचं हॉटेल तिलवाऱ्याच्या रस्त्यावर, नर्मदेच्या पुलाच्या अलीकडे. खोल्या थोड्याच, पण प्रत्येक खोलीला 'थीम'. साध्या खोलीला आता कोणी विचारत नाही, म्हणतो. एक खोली जंगलवाली, तिच्या न्हाणीघरात प्लास्टिकचा वाघ. एक राजवाडावाली. मला मिळाली संगमरवरवाली: भिंतीला कड्यांचं चित्र छापलेला कागद, आणि गरम पाण्याच्या नळाला थंडगार पाणी. तक्रार केली तर रिसेप्शनवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, ठंडेवाला खोलिए, उसमें गरम आता है." खरंच येत होतं.

माझ्या शेजारची खोली पोलंडवाली. पोलंड तिलवारा रोडवर कुठून आलं, ते सांगायला हवं. दादाला तरुणपणी कारखान्याने प्रशिक्षणासाठी पोलंडला धाडलं होतं, दीडेक वर्ष. भाषा येत नाही, हाडं गोठवणारी थंडी, जेवायला बटाटा आणि कोबी. संध्याकाळी हॉस्टेलच्या जेवणघरात टीव्हीवर एक पोलिसी मालिका लागायची. तिकडे ती फार गाजलेली. लागली की म्हणे रस्ते ओस पडायचे. एक शब्द कळत नसताना दादाने तिचा भाग कधी चुकवला नाही. चोर कोण, हे तो चेहऱ्यावरून ओळखायचा. परत आल्यावर वर्ध्याला सुट्टीत यायचा तेव्हा अंगणात बसून आम्हाला ते भाग सांगायचा, सगळ्या आवाजांसकट. आम्ही जेवण विसरून ऐकायचो.

पोलंडात तो स्वतः काय शिकला, हे मात्र त्याने कधी सांगितलं नाही. खमरियाची माणसं असतात तशी. वहिनी त्याच्याबरोबर अख्खा संसार करून गेली, पण नवरा कारखान्यात नक्की काय भरतो हे तिला ठाऊक नव्हतं. विचारलं की दादा म्हणायचा, "सांगायची मनाई आहे," आणि भाजी वाढायला सांगायचा. त्याच्या सांगण्याप्रमाणे अधूनमधून वरून अनोळखी साहेब येत, कधी चहा पाजून, कधी दरडावून, उलटसुलट विचारत आणि कोणाची जीभ किती सैल आहे ते पाहत. दादाची जीभ कधी सुटली नाही. आयुष्यात त्याला गर्व होता तो या एका गोष्टीचा.

तो निवृत्त झाल्यावर, डोकं शाबूत होतं तेव्हा, मिलिंदने कौतुकाने ती खोली त्या मालिकेतल्या पोलिस ठाण्यासारखी सजवली. कुठे काय असायचं ते दादानेच आठवून आठवून सांगितलं. दारावर पोलिश अक्षरांची पाटी. आत करडा-हिरवा रंग, लाकडी टेबल, काळा चकतीचा फोन, जबलपूरच्या ओमती भागातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेला टाइपरायटर, मान वाकवता येणारा दिवा, खुंटीला करडा ओव्हरकोट आणि टोपी. पलंग कुठे, तर लोखंडी गजांच्या आड, कोठडीत. नवरा-बायको हौसेने कोठडीत झोपतात आणि सकाळी फोटो टाकतात. पोलंड वाटावं म्हणून एसी अगदी कमीवर. मला हसूच आलं. वर्ध्यात कोणी जावयाला गजांआड झोपवलं असतं तर सोयरीक तुटली असती.

दादा टेबलाशी बसला होता. फौजदाराची खुर्ची रिकामी होती. तो समोरच्या खुर्चीत होता, ज्याची चौकशी व्हायची त्याच्या. पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केस पाणी लावून बसवलेले. मला पाहून तो उभा राहिला.

"जेन दोब्री," म्हणाला. हा पोलिश नमस्कार त्याने तिकडून आल्यावर आम्हाला शिकवला होता.

"दादा, मी कुंदा."

त्याने डोळे बारीक केले आणि एकदम ओळख लागली. "कुंदे! तू काहून आली? आज काय सुट्टी आहे?"

मी त्याचे हात धरले. गार पडले होते. मी एसी बंद केला. थोड्या वेळाने कोणीतरी येऊन तो पुन्हा लावला.

संध्याकाळी रश्मीने जेवायला वाढलं. रश्मी म्हणजे मिलिंदची बायको, कटनीची, हिंदी घरातली. मला 'आत्याजी' म्हणते. भरल्या वांग्यात तिने बडीशेप घातली होती. मी काही बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की हे किती झालं. दादा मात्र मागून मागून जेवला. "यहाँ पापाजी बहुत अच्छे से खाते हैं," रश्मी म्हणाली. "घर पे तो थाली सरका देते थे." मला वाटलं, चला, बरं चाललंय की. अर्धा निर्णय मी तिथेच करून टाकला.

भेडाघाट

सकाळी पोहे आणि जलेबी. पोह्यांबरोबर जलेबी ही माझ्या घरी चैन. तिकडे तो रोजचा नाश्ता, आणि वर शेव इतकी की खालचे पोहे शोधावे लागतात. खोव्याची जलेबी निराळी, काळपट, गुलाबजामच्या जातीची. ती मिलिंदने खास आणवली होती.

"आत्या, आज भेडाघाट पाहून या," तो म्हणाला. "ड्रायव्हर देतो. आरामात या संध्याकाळपर्यंत, काही जल्दी नाही."

दादालाही नेते म्हटलं तर तो गडबडला. "नाही नाही, बाबांना नाही जमत. आज बुकिंग आहे तिकडची." बुकिंगचा आणि दादाचा काय संबंध, असं माझ्या मनात आलं, पण तोंडात जलेबी होती.

धुवांधार पाहिला. पाणी इतक्या जोराने खाली पडतं की त्याचा खरोखर धूर होतो. कठड्याशी उभं राहिलं की चष्म्यावर तुषार आणि कानात नुसता गडगडाट. मग नावेत बसले. दोन्ही बाजूंना पांढरे, कुठे निळसर, कुठे काळे कडे, इतके जवळ की हात लागेल असं वाटतं. सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू? पण नावाडी यमकं जुळवत माहिती सांगतो आणि मध्येच त्याच सुरात सांगतो, इथे पाणी किती खोल, इथून कोण पडलं, कोणाचं प्रेत वर आलं नाही. नावेतले लोक हसत होते. तोही हसत होता. मेलेल्या माणसाची यमकं कसली जुळवायची? मी तोंड फिरवून बसले.

उतरताना पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. मला दोघांनी ओढून काढलं, पण एक चप्पल नर्मदेने ठेवून घेतली. "माई ने ले ली, अच्छा शगुन है," नावाडी म्हणाला. दुसरी मी तिथेच टाकून दिली. ड्रायव्हर म्हणाला, बाजारात थांबू, नवी घेऊ. पण ओल्या साडीने अनवाणी हिंडायची मला लाज वाटली. म्हणून संध्याकाळऐवजी भर दुपारीच हॉटेलवर परतले.

जिन्यातच ओरडणं ऐकू आलं. पोलंडवाल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत पाच-सहा तरुण माणसं, भोपाळहून सुट्टीला आलेली, चांगल्या कपड्यांतली. एकाने खुंटीवरचा ओव्हरकोट आणि टोपी चढवली होती. एक मुलगी मोबाइलवर शूटिंग करत होती. पडदे ओढलेले, दिव्याची मान वाकवून उजेड सगळा समोरच्या खुर्चीवर, आणि खुर्चीत माझा दादा.

"आखिरी बार पूछ रहा हूँ, बुड्ढे! उस रात नदी पे क्या कर रहा था?"

"मनाई है, साहब," दादा म्हणाला. पाठ ताठ, हात मांड्यांवर.

टोपीवाल्याने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि लांब ठेवला. "बोलेगा तो पानी मिलेगा."

"नाम वसंत रामकृष्ण ढोबले." मग कारखान्यातला टोकन नंबर, मग सेक्शन. "इससे आगे मनाई है, साहब."

त्याचे ओठ सुकले होते. आवाज कापत होता, पण एक शब्द जास्तीचा निघत नव्हता. "क्या एक्टर है यार," कोणीतरी म्हणालं आणि सगळे खिदळले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच आत घुसले. "बंद करा हे! बंद कीजिए! ये मेरा भाई है!"

मग शूटिंगवाली मुलगी टाळ्या वाजवायला लागली. "ओ माय गॉड, बहन की एंट्री!"

मीही त्यांना खेळातलीच वाटले. टोपीवाला माझ्याकडे वळला. "अच्छा, तो बहनजी बताएँगी. उस रात ये कहाँ था?" मी सांगायला लागले की त्याला काही आठवत नाही, तो आजारी आहे, तो नाटक करत नाही. जितकं खरं सांगत गेले तितक्या टाळ्या वाढल्या. शेवटी मला रडू फुटलं, तेही त्या मुलीने जवळ येऊन टिपलं. दुसऱ्या एकीने मात्र माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. "रुको यार," ती म्हणाली. "मुझे नहीं लगता ये खेल रही हैं."

"आंटी, सॉरी," टोपीवाला म्हणाला. "हमें तो नीचे बोला कि चाचाजी से उगलवा लिया तो डिनर फ्री. हमें लगा स्टाफ हैं."

मी पेला दादासमोर धरला. तो हात लावेना. त्याने आधी त्या टोपीवाल्या मुलाकडे पाहिलं. मुलाने मान हलवली, तेव्हा प्यायला.

मिलिंदला मी रिसेप्शनवरच गाठलं. शाळेत कमावलेला आवाज आहे माझा, आणि त्या दिवशी मी तो राखून ठेवला नाही. "बापाला खेळवून पोट भरतोस? लाज नाही वाटत तुला?"

"आत्या, आत चला. इथं नको." आतल्या खोलीत तो खुर्चीवर बसला. "मी नाही सुरू केलं हे. बाबा तिथं नुसते बसून राहत होते. एका गेस्टनं मजाकमध्ये नाव विचारलं, तर बाबांनी उत्तर दिलं, एकदम कडक. त्या दिवशी आत्या, बाबा किती दिवसांनी जेवले! रात्री झोपले. दुसऱ्या दिवशी स्वतःच तयार होऊन बसले. म्हणे साहब लोग येतील."

"आणि फुकटचं डिनर? तेही बाबांनीच सुचवलं?"

तो म्हणाला, "ती खोली सालभर खाली पडून राहत होती, आत्या. धंदा आहे. आणि कोणी बाबांना हात नाही लावत, एवढं मी पाहतो."

"पाणी काढून घेतलं होतं त्याच्यासमोरचं."

"पाणी?" त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. तेव्हाही मला त्याची दया आली नाही.

रश्मी दारात उभी राहून ऐकत होती. "आत्याजी, आप तीन साल में एक बार आती हैं," ती म्हणाली. "पापाजी जब दरवाज़ा पीटते थे, ड्यूटी ड्यूटी चिल्लाते थे, तब हम थे. आपको गलत लगता है तो आप ले जाइए." तिने हे चिडून म्हटलं असतं तर मी भांडले असते. ती थकून म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

"नेतेच," मी म्हटलं.

तिनेच दादाची बॅग भरली. कुठलं औषध कधी, ते मला दोनदा समजावलं, वर स्वेटर घडी करून ठेवला. भरताना ती रडत होती. मी तिच्याशी धड बोललेही नाही.

दुसऱ्या दिवशी मिलिंदने स्वतः गाडी चालवत आम्हाला वर्ध्याला आणलं. तिलवाऱ्याच्या पुलाशी त्याने गाडी कडेला घेतली आणि दादाला उतरवून नर्मदा दाखवली. "बाबा, हात जोडा." दादाने जोडले. मग मिलिंद त्याच्या पाया पडला आणि तसाच वाकून राहिला. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मी गाडीत बसून दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहत होते.

वर्धा

पहिल्या दिवशी मला लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. दादाला उन्हात बसवलं, मऊ खिचडी केली, वर तुपाची धार. त्याने ताट सरकवलं. दमला असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी झुणका, तिसऱ्या दिवशी पुरण. घास पुढे केला की तो तोंड मिटून घ्यायचा. सकाळी आंघोळ करून, गळ्यापर्यंत बटणं लावून जेवणाच्या टेबलाशी ताठ बसायचा आणि दाराकडे पाहायचा. "साहब लोग नहीं आए?" माझ्याशीसुद्धा हिंदीतच. मी कुंदा आहे हे त्याला आता कळत नाही. जबलपूरला त्याने मला हाक मारली ती शेवटची.

डॉक्टर म्हणाले, जागा बदलली की असं होतं, रुळतील. सलाइन लावावं लागलं. रुळला नाही. शर्ट अंगावर लोंबायला लागला. मी जुने फोटो काढले, गाणी लावली, आईची शपथ घातली, रागावलेही. एकदा विचारलं, "दादा, तिथं ती पोरं तुला छळायची ना रे?"

त्याने बराच विचार केला. "पूछते थे," म्हणाला.

मिलिंदचा रोज फोन येतो. परत आणू का, असं तो विचारत नाही आणि मी सांगत नाही. त्या खोलीत दादाला पुन्हा बसवायचं नाही, हे माझं नक्की आहे. पण इथे माझ्यासमोर तो उपाशी मरत होता, हेही मला दिसत होतं.

मग एका दुपारी मी वरण-भात, पोळी, भाजी असं ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं. खिडक्या लावून घेतल्या, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. समोरची खुर्ची ओढून बसले.

"नाम?" मी विचारलं.

त्याची पाठ ताठ झाली. "वसंत रामकृष्ण ढोबले." टोकन नंबर. सेक्शन.

"वहाँ क्या भरते थे?"

"मनाई है, साहब."

पुढे मला सुचेना. तो वाट पाहत होता. मग थोडा पुढे वाकला आणि मला सांभाळून घेत हळूच म्हणाला, "जोर से पूछिए, साहब."

मी जोरात विचारलं. उठून उभी राहिले आणि ओरडून विचारलं. ताट माझ्याकडे ओढून घेतलं आणि म्हटलं, बोलेगा तो खाना मिलेगा. माझा भाऊ थरथरत होता, पण त्याचे डोळे कित्येक दिवसांनी जागे झाले होते. तो बोलला नाही. मी ताट परत त्याच्यापुढे सरकवलं. त्याने दोन पोळ्या खाल्ल्या, वरण-भात खाल्ला, ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

तेव्हापासून रोज दुपारी मी खिडक्या लावून घेते.